‘मी ताटं धुतो, पण मला हात नाहीत’: खजिना-शोधाचा डबा वापरून पाहिला

आधी तारे सांगून टाकते, म्हणजे घाई असेल त्यांनी इथूनच परत फिरावं. पाचातले तीन. एक चकतीचा, एक कोऱ्या नकाशाचा आणि एक माझ्या सासूबाईंचा. हा तिसरा खरं तर कंपनीला द्यायला नको.

डबा म्हणजे मुलांच्या ‘खजिना शोध’ खेळाचं किट. वय पाच ते दहा, घरात आणि बाहेर दोन्हीकडे खेळा, मराठी आवृत्ती, किंमत ७४९ रुपये. एप्रिलच्या शेवटी मागवला. कुरिअरवाला आमच्या गावापर्यंत येत नाही, दारव्ह्यात ठेवतो आणि फोन करतो. मग एसटीने, अर्ध्या तिकिटात, जाऊन आणला. माझं गावात झेरॉक्स, लॅमिनेशन आणि वह्या-पेनांचं छोटं दुकान आहे. त्यामुळे कागद हातात आला की मी आधी जाडी बघते, मग मजकूर वाचते. या डब्याच्या बाबतीत उलट केलं असतं तर बरं झालं असतं.

मागवायचं कारण सात पोट्टे. माझी दोन, जावेची दोन, पुण्याच्या नणंदेची दोन आणि शेजारचा एक, जो फक्त झोपायला आपल्या घरी जातो. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच पोरांना उंबऱ्याबाहेर सोडता येत नाही. विदर्भातल्या शाळाही बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. म्हणजे कूलरसमोर एक मोबाइल, सात डोकी आणि दिवसभर भांडण. ७४९ रुपये मी खेळासाठी नाही, शांततेसाठी दिले.

डब्यात निघालं ते असं: कोडी छापलेली चोवीस कार्डं, बारा कोरी कार्डं, सांकेतिक भाषेची पुठ्ठ्याची चकती, लाल भिंग, अदृश्य शाईचा पेन (त्याच्या टोपणात जांभळा दिवा), होकायंत्र, चौकटी आखलेला कोरा नकाशा, वीस सोनेरी प्लास्टिकची नाणी, प्रमाणपत्रं आणि सोळा पानांची पुस्तिका. नाण्यांचा रंग फार छान आहे. इतका छान नसता तर पुढचं रामायण झालं नसतं, पण ते नंतर.

कार्डं चांगल्या जाडीची, वर चकाकी. छापील कार्डांना चकाकी ठीक आहे, पण या शहाण्यांनी कोऱ्या कार्डांनाही तीच चढवली आहे. बॉलपेन घसरतो, पेन्सिल उमटत नाही, स्केचपेनचं लिहिलेलं अंगठ्याने पुसलं जातं. सीडीवर लिहायचा मार्कर मिळाला तरच त्यावर काही लिहिता येतं. कोरं कार्ड लिहायलाच असतं, हे छापणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं.

आता मजकूर. मराठी आवृत्ती म्हणजे इंग्रजी कोडी यंत्रात घालून पिळून काढलेली. पहिलंच कार्ड: ‘मी हिवाळ्यात घर गरम करते, माझ्याभोवती मोजे टांगा.’ सातही पोरं चूल म्हणाली. बरोबरच आहे, पण चुलीभोवती मोजे कशाला टांगायचे? आमच्या सासूबाई तिथेच पाय पसरून वाती वळत बसल्या होत्या. म्हणाल्या, “त्या डब्यावाल्याले चूल माहीत नाई काय? मोजे जळतीन ना!” दुसरं कार्ड: ‘मी पाण्याने भरतो आणि तू माझ्यात पडून राहतोस.’ जावेचा धाकटा म्हणाला, “डबकं. म्हैस पडून राहते.” कार्डाला न्हाणीतला टब हवा होता.

पण कहर तिसऱ्या कार्डाने केला. ‘मी ताटं धुतो, पण मला हात नाहीत.’ भांडी धुवायचं यंत्र अभिप्रेत होतं म्हणे. माझी मोठी, वय दहा, शांतपणे म्हणाली, “धुतो म्हणजे माणूस आहे. आपल्या घरात असं कोणीच नाही.” ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या तिच्या बाबांनी पान उलटलं.

चोवीसपैकी आमच्या घरात लागू पडली नऊ: उशी, आरसा, खिडकी, चप्पल, झाडू, घड्याळ, फ्रीज, दार आणि कॅलेंडर. बाकीची पंधरा मी दुकानात किंमतपट्ट्या म्हणून वापरते आहे, मागच्या बाजूने.

चकती मात्र कामाची निघाली. एकावर एक दोन गोल पुठ्ठे, मधे पितळी खिळी. बाहेरच्या गोलावर क ते ज्ञ छत्तीस अक्षरं, आतल्यावर तीच. आतला गोल एक घर फिरवला की क चा ख होतो, ख चा ग. पुस्तिकेत लिहिलंय की रोमचा ज्युलियस सीझर आपली गुप्त पत्रं अशीच तीन घरं सरकवून लिहायचा. पण सीझरला काना-मात्रा नव्हत्या. आपल्याला आहेत, आणि त्यांचं काय करायचं यावर पुस्तिका चूप. मी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मोठीला घेऊन बसले. तिने अर्ध्या तासात नियम काढला: अक्षर सरकेल, मात्रा जागची हलणार नाही. मग एका घराने विहीर लिहून पाहिली. व चा श, ह चा ळ, र चा ल. झालं ‘शिळील’. धाकट्याने ते वाचलं आणि तडक शिळ्या पोळ्यांची टोपली उघडली.

तुळशीचं झालं ‘थुक्षह’. ते मोठ्याने वाचल्यावर सासूबाईंनी सगळ्यांना तुळशीसमोर उभं करून नमस्कार घालायला लावला. आणि म्हैस झाली ‘य्ळैह’. हे कुणाला म्हणताच येईना, म्हणून दिवसभर म्हशीला तेच म्हणून हाका. तिने लक्ष दिलं नाही, पण तिच्या खऱ्या नावालाही ती देत नाही.

पोरं ही चकती आजही वापरतात. चिठ्ठ्या आता माझ्याविरुद्ध लिहिल्या जातात. एका घराने फिरवलेलं मला कळतं हे त्यांना कळल्यावर ती सात घरांवर गेली आहेत.

लाल भिंगाची गंमत अशी की कागदावर निळ्या रंगात अक्षरं असतात आणि त्यावर लाल रेघांचा गोंधळ. लाल भिंगातून लाल रेघा विरून जातात, निळी अक्षरं काळी होऊन वर येतात. आमच्या भिंगाला घडी पडलेली होती. मी लाल जिलेटिन कागदाचा तुकडा पुठ्ठ्याच्या चौकटीत चिकटवला आणि माझ्या रंगीत प्रिंटरवर फिक्या निळ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या छापल्या. कंपनीच्या भिंगापेक्षा सरस. खर्च पाच रुपयेही नाही. अदृश्य शाईचा पेन पहिल्याच दिवशी गेला. शाई लिहीत होती, पण टोपणातला दिवा लागेना, म्हणजे लिहिलेलं खरोखरच अदृश्य झालं. त्याला पर्याय लिंबाचा रस. काडीला कापूस गुंडाळून लिहायचं, वाळू द्यायचं, मग गरम इस्त्री कागदावरून फिरवायची. रस कागदाआधी करपतो आणि अक्षरं तपकिरी उमटतात. इस्त्री मोठ्यांनीच धरायची. आमच्याकडे नेमकी त्याच वेळी लाइन गेली, मग तव्यावर कागद टाकला. तिसऱ्या चिठ्ठीपर्यंत हात बसला. पहिल्या दोन जळाल्या.

पहिला खेळ घरात, दुपारी. पुस्तिकेतली एक सूचना सोन्यासारखी आहे आणि तिचं श्रेय देते: उलटीकडून आखा. आधी खजिन्याची जागा ठरवायची, मग तिथे पोचवणारी चिठ्ठी, मग त्या चिठ्ठीची जागा, असं मागे मागे येत पहिल्या चिठ्ठीपर्यंत. पहिली चिठ्ठी लपवायची नाही, हातात द्यायची. मी आधी शहाणपणा करून सुरुवातीकडून आखत गेले होते, तर चौथ्या चिठ्ठीवर कळलं की ढोल्याची (धान्य साठवायच्या कणगीची) जागा दोनदा आली आहे आणि पोरं गोल गोल फिरत राहणार.

पुस्तिका जे सांगत नाही ते असं. एक, कुठे काय ठेवलं याची यादी खिशात हवी. माझी सहावी चिठ्ठी मला स्वतःलाच सापडली नाही, कारण मी ती ‘चांगल्या जागी’ ठेवली होती. दोन, सात पोरांना एकच चिठ्ठी दिली की सगळ्यात मोठं वाचतं, बाकीचे पळतात आणि सगळ्यात धाकटं रडतं. आमच्याकडे हे चौथ्या मिनिटाला झालं. मग तिथेच खेळ थांबवून प्रत्येक चिठ्ठीवर नाव घातलं: जिचं नाव तिनेच फोडायची, तिनेच वाचायची, ज्याला वाचता येत नाही त्याच्या चिठ्ठीवर चित्र. धाकट्याला मी जात्याचं चित्र काढून दिलं. तो म्हणाला इडली. असो.

तीन, आणि हे मी दोनदा लिहीन, कूलरजवळ काही लपवू नका. पुस्तिकेत ‘विजेच्या उपकरणांपासून सावध’ अशी एक ओळ आहे, पण ती लिहिणाऱ्याने विदर्भातला कूलर पाहिलेला नाही. लोखंडी अंग, खाली पाणी, फरशी ओली, पोरं अनवाणी. उन्हाळ्यात कूलरचा शॉक बसल्याची बातमी आमच्याकडे दरवर्षी येते. पहिल्या चिठ्ठीआधी सगळ्यांना सांगितलं की कूलरमध्ये काही नाही. तसंच फवारणीच्या औषधाची खोली. तिला कुलूप, आणि कुलपाची किल्ली माझ्या कमरेला. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर गेले. तेव्हापासून आमच्या घरात त्या खोलीचा विषय गमतीत येत नाही. कापूस पिकवणाऱ्या घरात ‘घर शोधा’ म्हणून पोरांना मोकळं सोडण्याआधी हे बघाच.

कोड्यांचं काय केलं? सासूबाई. कार्डांवर तोंडसुख घेता घेता त्याच म्हणाल्या, “लिही. इवलंसं कारटं, घर राखतं.” कुलूप! मग भेंडीचं आलं: हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्यांनी भरली. मग मक्याचं कणीस: पाटीलबुवा राम राम, दाढीमिशा लांब लांब. मी लिहीत होते, त्या वाती वळत होत्या. पुण्याच्या भाच्याने विचारलं, आजी हे कुठल्या ॲपवर आहे. अर्ध्या तासात अकरा झाली. ज्या जागांना जुनी कोडी नव्हती तिथे मी जुळवली. माठासाठी लिहिलं: ‘पोटात पाणी, अंगाला घाम, उन्हाळाभर एकच काम.’ जात्यासाठी: ‘दोन दगड, मधे दाणे, तोंड नाही तरी गाणे.’ दुसऱ्याला सासूबाईंनी मान हलवली. पहिल्याला काही बोलल्या नाहीत.

लपवायला मला पाऊण तास लागला, शोधायला त्यांना छत्तीस मिनिटं, मधला रडायचा वेळ धरून. खजिना म्हणजे ढोल्यामागे गंजात, म्हणजे पातेल्यात, झाकून ठेवलेल्या कुल्फीच्या नळ्या. इथे अक्कल कमी पडली. छत्तीस मिनिटांत कुल्फीचं दूध झालं होतं. तरी त्यांनी ते गंजाला तोंड लावून, पाळीपाळीने संपवलं आणि लगेच म्हणाले, पुन्हा.

दुसरा खेळ बाहेर. वेळ सकाळी साडेपाच ते साडेसात, त्यानंतर ऊन. बाहेरचे नियम वेगळे. चिठ्ठी कधीही दगडांच्या ढिगात, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या गंजीत, बिळात किंवा पालापाचोळ्याखाली ठेवायची नाही. विंचू असतो, मण्यार, घोणस असते, आणि पोराचा हात डोळ्याआधी जातो. माझा नियम: प्रत्येक चिठ्ठी पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर, कपड्याच्या चिमट्याने टांगलेली, उभ्याने दिसेल अशी. शिळील, म्हणजे विहीर, खेळातून बाद. तिला कठडा आणि जाळी आहे, तरी बाद.

साध्या कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या त्यातली दुसरी शेळीने खाल्ली. चिमटा तेवढा ठेवला. तेव्हापासून मी सगळी कार्डं लॅमिनेट करते. कुणी घरी करणार असेल तर एक सांगते: कागद पाऊचपेक्षा लहान कापा आणि चारी बाजूंनी निदान तीन मिलिमीटर प्लास्टिकची कड सोडा. लोक कड कागदाला लागून कापतात, मग दवाचं पाणी आत शिरतं आणि शाई पसरते. दुकानात रोज सांगते, कोणी ऐकत नाही.

होकायंत्र खेळणं निघालं. सुई ट्रॅक्टरकडे वळायची आणि तिथेच राहायची. त्याची गरजही पडली नाही. सकाळी उन्हाकडे तोंड केलं की उगवत, आणि आमचा मारुती दक्षिणमुखी आहे, एवढ्यावर नकाशा चालतो. अडचण आली पावलांची. ‘मारुतीपासून वीस पावलं’ लिहिलं तर माझ्या मोठीची वीस आणि जावेच्या धाकट्याची वीस यांत अख्खा गोठा बसतो. शेवटी कासरा घेतला, त्याला हातभर अंतराने गाठी मारल्या आणि नकाशावर ‘तीन कासरे’ असं लिहिलं. कोऱ्या नकाशाच्या चौकटी इथे उपयोगी पडल्या: एक चौकट, एक कासरा.

नंदोईंनी पुण्याहून फोन करून सांगितलं, आता मोबाइलच्या लोकेशनवर खजिना लपवतात. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमधल्या एकाने जंगलात बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले, तिथून हे सुरू झालं. छान आहे. मीही लावून पाहिलं. आवारात तो ठिपका चार-पाच मीटर इकडे तिकडे हलतो, म्हणजे आमचा खजिना कधी आमच्या गोठ्यात, कधी शेजाऱ्यांच्या न्हाणीत. शेतात चालेल. घराभोवती कासराच बरा.

आता ते रामायण.

खजिना होता कडीचा डबा. कडीला जुन्या बॅगेचं तीन आकड्यांचं कुलूप. आकडे तीन चिठ्ठ्यांतून मिळणार: ओसरीच्या पायऱ्या मोजा, माजघराच्या खिडक्या मोजा, गोठ्यातल्या म्हशी मोजा. पाच, तीन, दोन. आत वीस सोनेरी नाणी आणि एकशेचाळीस रुपयांची चॉकलेटं. डबा मी आदल्या संध्याकाळी गावाच्या उगवतीला जुनी गढी आहे तिच्यासमोरच्या चिंचेखाली पुरला. गढीच्या भिंती ढासळत्या आहेत, म्हणून तिच्या आत नाही, चांगला लांब. वीतभर खोल, वर विटेचा तुकडा.

सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, “खजिना म्हनू नोको बाई. गावात हा शब्द बरा नाई.” मी हसले.

सकाळी पावणेसातला सात पोट्टे, हातात फुली मारलेला नकाशा, कासरा आणि खुरपं घेऊन गढीसमोर खणताना बऱ्याच जणांनी पाहिले. त्या वेळी शेताकडे जाणारं अख्खं गाव तिथूनच जातं. डबा निघाला. कुलूप उघडेना. पोरांनी आकडे लावले पाच, तीन, एक, कारण दोन म्हशींतली एक सहालाच चरायला गेली होती. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग ते सातजण बंद डबा घेऊन गावाच्या मधोमध पारावर बसले आणि कुलपाशी झटू लागले. आत नाणी वाजत होती. आठ वाजता माझ्या मोठीला म्हैस आठवली. कुलूप उघडलं, आणि धाकटा मूठभर सोनेरी नाणी घेऊन किराणा दुकानात पेपरमिंट मागायला गेला.

दुपारपर्यंत गावात जे फिरलं ते मला तिसऱ्या गिऱ्हाइकाने सांगितलं. यांच्याकडे पुण्याहून पोरगा आला आहे तो पायाळू आहे म्हणे. त्याला जमिनीतलं दिसतं. डबा निघाला, सोनं निघालं, घरच्यांनी दाबलं.

इथे माझं हसू थांबलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पायांकडून जन्मलेल्या मुलाला गुप्तधन दिसतं ही समजूत आमच्याकडे अजून जिवंत आहे, आणि गुप्तधनापायी लेकरांचे बळी दिल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात गुप्तधनासाठीच्या अघोरी प्रकारांचा उल्लेख स्वतंत्रपणे आहे, तो उगाच नाही. नणंदेला मी हे सांगितलं नाही. तिच्या मुलाला मात्र त्या दिवसापासून एकट्याला दुकानापर्यंतही पाठवलं नाही.

संध्याकाळी पोलीस पाटील आले. आमच्या नात्यातलेच आहेत. ओसरीवर बसले, पाणी प्यायले. “वयनी, चर्चा लय चालू हाय. काय निघालं म्हणे गढीपाशी?” मी डबा समोर ठेवला. त्यांनी एक नाणं उचललं, दाताखाली धरलं, दाताची खूण पाहिली आणि परत ठेवलं. मग गंभीरपणे म्हणाले, “कायद्याने जमिनीत दहा रुपयांच्या वर काही सापडलं तर कलेक्टरले कळवा लागते.” मला वाटलं, घाबरवतात. रात्री शोधलं तर खरंच आहे: १८७८ चा निखात निधी कायदा, मर्यादा दहा रुपये. मी पुरलेली चॉकलेटं त्याच्या चौदा पट होती. पाटलांनी त्यातली दोन खाल्ली, आणखी दोन नातवासाठी खिशात घातली आणि उठले. जाताना म्हणाले, “दवंडीच द्या लागते. नाईतर कोणी ऐकत नाई.” दवंडी दिली नाही. मी ती वीसही नाणी किराणा दुकानाच्या फळीवर बरणीत ठेवायला दिली, येणाऱ्या-जाणाऱ्याने हातात घेऊन बघावं म्हणून. दोन दिवसांनी अकराच उरली होती.

तर डबा घेणाऱ्यांना सल्ला: नाणी वापरू नका. आणि खेळाला खजिना म्हणू नका. आम्ही आता ‘शोधाशोध’ म्हणतो.

तिसरा खेळ तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लाकडी नंद्यांच्या पोरांच्या सणाच्या, सकाळी झाला, पुणेकर गेल्यावर, गल्लीतल्या पोरांना घेऊन. पावसाळी दिवस, गवत वाढलेलं, म्हणून सगळा खेळ मारुतीच्या देवळापासून आमच्या सपरीपर्यंत (पडवीपर्यंत), फक्त वापरातल्या वाटेवर. दोन गट केले. इथे आणखी एक गोष्ट पुस्तिकेत नाही ती सांगते: दोन गटांना एकाच चिठ्ठ्यांवर सोडलं तर मागचा गट पुढच्याच्या पाठीमागे नुसता धावतो. प्रत्येक जागी दोन रंगांच्या दोन चिठ्ठ्या लावा, आणि दोन्ही गटांचा क्रम उलटसुलट ठेवा. मधे एकदा समोरासमोर येतात, तेव्हा जी ओरड होते ती ऐकण्यासारखी असते. शेवटी नाणी नाहीत, चॉकलेटं नाहीत. चाकांचा एक लाकडी नंदी, झुल घातलेला, सपरीच्या खांबामागे उभा. तो सगळ्यांनी मिळून दिवसभर घरोघर फिरवला आणि बोजारा, म्हणजे घरोघरी मिळालेले पैसे, वाटून घेतला. चौऱ्याऐंशी रुपये जमले. वाटणीवरून झालेलं भांडण वेगळं.

कंपनीचं म्हणाल तर पेनाच्या दिव्याची तक्रार केली तेव्हा उत्तर आलं, ‘कृपया सूचना पुस्तिका पुन्हा वाचा.’ वाचली. मग दुसरा पेन एकोणीस दिवसांनी पाठवला, तो चालतो. भाषांतराबद्दल लिहिलं त्याला उत्तर नाही. एवढ्या पैशात चकती, नकाशा आणि साधी कोरी कार्डं दिली असती आणि कोडी आमच्यावर सोडली असती, तर मी पाच तारे दिले असते. शहरात फ्लॅटमध्ये राहत असाल, भांडी धुवायचं यंत्र असेल, तर कार्डंही चालतील. नसेल तर आधी घरात कोणी वाती वळणारं माणूस आहे का ते बघा.

एक राहिलं. परवा कापूस वेचून येणाऱ्या बाया दुकानात टेकल्या आणि म्हणाल्या, चिंचेखाली केवढा खड्डा केला पोरांनी. मी म्हटलं, पोरांनी वीतभर खणलं होतं आणि मी त्याच दिवशी बुजवलं. काल संध्याकाळी मोठीला घेऊन जाऊन पाहिलं. खड्डा माझ्या कमरेइतका आहे, आणि काठावर लिंबं, कुंकू आणि ताजी माती.

आज सकाळी पाटलांना फोन केला. म्हणाले, येतो.